ड्रेसाजचे पहिले धडे

२०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक पटकावलं. त्या चमूत मुंबईचा हृदय छेडाही होता. घोडा आणि स्वार यांच्यातला ताळमेळ पाहणारा हा खेळ शिकायचा कसा?

सुरुवात होते खोगिरावरच्या बैठकीपासून. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत हवी. प्रशिक्षक घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवतो आणि नवा स्वार लगाम न धरता तोल सांभाळायला शिकतो. लगाम धरून तोल सावरायची सवय लागली, तर त्याचा त्रास घोड्याच्या तोंडाला होतो.

पुढे येतात इशारे. शरीराचा भार, पोटऱ्यांचा हलका दाब आणि शेवटी लगाम. घोड्याने प्रतिसाद दिला की दाब लगेच सैल करायचा. त्यातूनच त्याला आपण बरोबर केल्याचं कळतं.

मग चालींची लय ओळखायची. साध्या चालीत चार ठोके, दुडकीत दोन, कॅंटरमध्ये तीन. स्पर्धेचं मैदान २० मीटर रुंद आणि ४० किंवा ६० मीटर लांब असतं. त्याच्या कडेला इंग्रजी अक्षरं लावलेली असतात. ठरलेल्या अक्षरापाशी चाल बदलायची, वर्तुळ काढायचं किंवा थांबायचं. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात.

शिकताना हेल्मेट आणि टाचेचे बूट मात्र हवेतच.