विद्यार्थ्याचे स्थितीकरण
(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत अनेक मुलामुलींच्या शिक्षणाला हातभार लावला, याचा आनंद आज आपण साजरा करीत आहोत. या मंगल प्रसंगी विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथेच कोणते साहाय्य उपलब्ध असते, याविषयी मी बोलावे अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी पेशाने कापड व्यापारी. शिक्षणतज्ज्ञ नव्हे. तरीही विषय आपल्या घराघरांचा असल्यामुळे चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. 1899 साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने मुलांच्या राहण्याजेवणाची चिंता वाहिली आणि कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी तर विविध समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला दिला. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. त्या दानासाठी व्यासपीठ नव्हते, फलक नव्हता.

आपल्या शास्त्रात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. विद्यापीठाच्या आवारात पाहिले तर ही चारही दाने आज व्यवस्थेच्या रूपाने उभी असल्याचे दिसते.

आहाराचा विचार करू. 1962 साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजनेचे विद्यार्थी दिवसाचे काही तास काम करतात आणि आपल्या शिक्षणाचा भार स्वतः उचलतात. पुणे विद्यापीठातही अशी योजना आहे. हे श्रम आहेत, भिक्षा नव्हे. आपल्या मुलांना रात्रिभोजनत्याग पाळायचा असतो, कंदमूळ चालत नाही. अनेक वसतिगृहांतील मेस विद्यार्थ्यांच्या समितीकडे असते. तेथे नम्रपणे सांगितले तर सूर्यास्तापूर्वीच्या ताटाची सोय होऊ शकते. मात्र सांगावे लागते.

औषधदानाचे आजचे रूप केवळ दवाखाना नाही. मनाचाही दवाखाना हवा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. शिवाय शासनाची ‘टेली मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते. ताप आला की आपण डॉक्टरांकडे नेतो. मग मुलगा महिनाभर जेवत नाही, झोपत नाही, घरी फोन करीत नाही, तेव्हा ‘अभ्यासाचे टेन्शन असेल’ म्हणून गप्प का बसावे?

ज्ञानदानाचे भांडार म्हणजे ग्रंथालय. कोल्हापूरचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय असो वा पुण्याचे जयकर ग्रंथालय, एकेका पुस्तकासाठी हजार-दोन हजार मोजण्यापूर्वी तेथे चौकशी करावी.

चौथे अभयदान, आणि माझ्या मते सर्वश्रेष्ठ. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे विनियम आहेत आणि 1800-180-5522 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानेही समाधान झाले नाही तर विद्यार्थ्याला लोकपालाकडे अपील करता यावे, अशी तरतूद आहे. गुणपत्रिका अडली, कागदपत्रे अडवून ठेवली, तर ओळखीचा माणूस शोधत हिंडण्यापूर्वी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आपण व्यापारी पावतीशिवाय माल सोडत नाही. मुलांनाही तेच शिकवावे.

बंधू-भगिनींनो, एवढे सारे असताना आपली मुले अडतात कोठे? आमच्या धंद्यात एक अनुभव नित्य येतो. खिशात पैसे बेताचे असले की गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीशी घुटमळते. आतून कोणी ‘या, बसा, बघायला पैसे पडत नाहीत’ म्हटले, की ते निर्धास्त येऊन गादीवर बसते. विद्यापीठातील पायरीवर आपली मुले अशीच घुटमळत आहेत, आणि त्यांना आत बोलावणारे कोणी नाही.

परिचयातल्या एका घराची गोष्ट सांगतो. वडिलांचे छोटे दुकान, उधारी बुडालेली. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार मिळतो. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. त्यासाठी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला हवा होता. वडील गेले नाहीत. ‘शेठजी उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभे राहिले, तर बाजारात पत काय राहील?’ हा त्यांचा प्रश्न. मुदत टळली, फी थकली, मुलगा कॉलेज सोडून एका गोदामात कामाला लागला. पैसे होते, योजना होती, मुलगा हुशार होता. आड आली ती पत.

मुलींच्या बाबतीत तर ही हानी अधिक. जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. दाखल्याच्या संकोचापायी एखाद्या मुलीला ‘बी.कॉम. पुरे’ असे सांगितले जात असेल, तर तो दोष दारिद्र्याचा म्हणता येणार नाही.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी दोन अंगांचे येथे स्मरण करतो. उपगूहन म्हणजे दुसऱ्याचे उणे झाकणे. स्थितीकरण म्हणजे मार्गावरून ढळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे. धर्ममार्गासाठी सांगितलेली ही अंगे शिक्षणाच्या मार्गावर डगमगणाऱ्या मुलालाही लागू करावीत, असे मला वाटते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी जून ते ऑगस्ट या काळात मंदिराच्या कार्यालयात दोन जाणकार युवकांनी सायंकाळी बसावे, अर्ज भरून द्यावेत, दाखले काढून देण्यास साहाय्य करावे. दुसरी, ट्रस्टची शिष्यवृत्ती व्यासपीठावर नाव पुकारून न देता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करावी. सत्कार गुणवत्तेचा व्हावा, गरजेचा नव्हे. गुप्तदानाचा महिमा आपणच सांगतो ना! तिसरी, विद्यापीठात नव्याने जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला तेथे शिकणाऱ्या एका वडील भावाची किंवा ताईची गाठ घालून द्यावी. समुपदेशकाची खोली कोठे आहे हे माहितीपत्रक वाचून कळते, पण पहिल्यांदा तेथपर्यंत सोबत येणारा माणूस लागतो.

यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. वेळ लागतो आणि थोडे वात्सल्य. गोदामात गेलेल्या त्या मुलाचे वय अजून फार झालेले नाही. त्याच्या वडिलांसोबत तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहण्यास मी तयार आहे. माझ्यासोबत आणखी दोघे-चौघे शेठजी आले, तर त्या रांगेचा संकोच कायमचा संपेल.