अवजड यंत्रांच्या बॅटऱ्यांची भारचाचणी
यंत्रचालक व कारागीर यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा पाठ

महाराष्ट्राच्या उभारणीत अवजड यंत्रांचा वाटा मोठा आहे. गोदावरी नदीवर पैठणजवळ बांधलेले जायकवाडीचे सुमारे १० किलोमीटर लांबीचे मातीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण लांबीत वाहतुकीस खुला झाला. धरणे, कालवे, रस्ते आणि चंद्रपूर-नागपूर भागातील कोळशाच्या खुल्या खाणी अशा ठिकाणी आज बुलडोझर, एक्स्कॅव्हेटर, डंपर, ग्रेडर आणि रोलर ही यंत्रे अहोरात्र राबत असतात. शेकडो टन माती लीलया हलविणारी ही यंत्रे सकाळी सुरू होतात ती मात्र चालकाच्या आसनाखाली किंवा बाजूच्या पेटीत ठेवलेल्या दोन किंवा चार बॅटऱ्यांच्या बळावर.

यंत्र सुरू झाले नाही की त्यामागे टिप्परांची रांग उभी राहते, मजूर खोळंबतात आणि कारागिराला घाई होते. अशा घाईत एक जुनी सवय अद्यापही अनेक ठिकाणी दिसून येते. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर पाना किंवा तारेचा तुकडा टेकवायचा, ठिणगी कशी उडते ते पाहायचे आणि त्यावरून बॅटरी ‘जिवंत’ आहे की ‘मेली’ हे ठरवायचे. ही परीक्षा दोन प्रकारे घातक आहे. बॅटरीच्या शक्तीविषयी ती काहीही विश्वसनीय सांगत नाही आणि परीक्षा करणाऱ्याच्या डोळ्यांवर संकट आणते. बॅटरीची खरी परीक्षा ठिणगी पाडून होत नाही, ती मोजून करावी लागते. ती कशी करावी आणि करताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बॅटरीच्या पोटात काय चालते?

शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी, पुनःपुन्हा भारित करता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. आज तिच्या रूपात पुष्कळ सुधारणा झाल्या असल्या तरी मूळ तत्त्व तेच आहे. धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. बॅटरी वीज देऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. भारित करताना हीच क्रिया उलट दिशेने घडते. आम्लाच्या दाटपणावरून बॅटरी किती भारित आहे हे कळते ते याच कारणाने.

प्रत्येक घट, ज्याला कारागीर ‘सेल’ म्हणतात, सुमारे २.१ व्होल्ट देतो. सहा घटांची पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. अवजड यंत्रात बहुधा अशा दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्टची व्यवस्था केलेली असते. डिझेल इंजिनात हवा दाबून तापवावी लागते. त्यासाठी स्टार्टरने इंजिन जोराने फिरविणे आवश्यक असते आणि त्या काही क्षणांत बॅटरीला शेकडो अँपिअर प्रवाह पुरवावा लागतो. म्हणूनच नुसता व्होल्ट मोजून भागत नाही. भार नसताना १२.६ व्होल्ट दाखविणारी बॅटरी भार पडताच ७ किंवा ८ व्होल्टवर कोसळू शकते. भारचाचणीची गरज येथे आहे.

धोका कोठे आहे?

भारित होण्याच्या अखेरच्या टप्प्यात बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि प्राणवायू बाहेर पडतात. पूर्ण भारित झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १० अँपिअरचा प्रवाह तासभर जात राहिला, तर सुमारे २५ लिटर हायड्रोजन निर्माण होतो. हवेत या वायूचे प्रमाण ४ टक्क्यांपासून सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत असले, तर ते मिश्रण स्फोटक असते. म्हणजे एवढा वायू सुमारे ६०० लिटरची बंद जागा स्फोटक करण्यास पुरेसा ठरतो. यंत्रातील बॅटरीची पेटी त्याहून पुष्कळ लहान असते. हायड्रोजन हवेपेक्षा फार हलका असल्यामुळे तो झाकणाखाली साचतो आणि पेटण्यास त्याला अगदी क्षुल्लक ठिणगीही पुरते.

अशा वेळी स्फोट झाला तर बॅटरीचे कवच फुटून त्याचे तुकडे आणि आम्ल सर्वप्रथम वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. आम्लाची पातळी खाली गेलेल्या बॅटरीत वायूला अधिक जागा मिळते, म्हणून ती अधिकच धोक्याची. दुसरा धोका प्रवाहाचा. हातातील कडे, अंगठी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा टर्मिनल आणि यंत्राचा सांगाडा यांच्यामध्ये सापडला, तर तो क्षणात लाल होतो आणि खोल भाजते.

चाचणीपूर्वीची तयारी

चाचणी मोकळ्या, हवेशीर जागी करावी. पेटीचे झाकण उघडून काही वेळ वारा लागू द्यावा. बॅटरी नुकतीच भारित केली असेल, तर साचलेला वायू निघून जाईपर्यंत थांबावे. जवळपास विडी, काडी, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग यांपैकी काहीही नसावे. डोळ्यांवर बंद बाजूंचा चष्मा, शक्य असल्यास चेहऱ्यावर ढाल, हातात रबरी मोजे आणि अंगावर ॲप्रन असावा. अंगावरील धातूच्या वस्तू उतरवून ठेवाव्यात. स्वच्छ पाण्याची भरलेली बादली किंवा नळ हाताशी असल्याखेरीज कामास हात घालू नये.

आधुनिक यंत्रांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे असतात. इंजिन बंद केल्यानंतर मुख्य स्विच किती वेळाने बंद करावा, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढा अवधी पाळावा. त्यानंतर सांगाड्याला जोडलेली ऋण तार प्रथम सोडावी. धन तार प्रथम सोडू गेल्यास पाना सांगाड्याला लागून ठिणगी उडण्याचा संभव असतो. पुन्हा जोडताना क्रम उलटा, म्हणजे ऋण तार सर्वांत शेवटी. प्रत्येक बॅटरी इतरांपासून सोडवून स्वतंत्रपणे तपासावी. जोडलेल्या स्थितीत चांगली बॅटरी वाईट बॅटरीचा दोष झाकते.

मग नजरेने पाहणी करावी. कवचाला तडा गेला असेल, ते फुगले असेल, टर्मिनल सैल झाले असेल किंवा पट्ट्या आम्लाबाहेर उघड्या पडल्या असतील, तर भारचाचणी मुळीच करू नये. बंद प्रकारच्या बॅटरीवर रंग दाखविणारा डोळा असतो. तो रंगहीन किंवा पिवळट दिसला, तर आतील आम्ल कमी झाले आहे असे समजून ती बॅटरी भारितही करू नये आणि तपासूही नये. हा डोळा हिरवा दिसला तरी तो एकाच घटाची स्थिती सांगतो, हेही ध्यानात असावे.

उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घट तपासावा. पूर्ण भारित स्थितीतील विशिष्ट गुरुत्व बनावटीप्रमाणे साधारणतः १.२४ ते १.२८ असते. घटाघटांत ०.०५ हून अधिक फरक आढळला, तर एखादा घट सदोष असण्याचा संभव असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापमानाचा हिशेब विसरू नये. मोजणी २७ अंश सेल्सिअसला प्रमाण मानतात. त्यावरील प्रत्येक १० अंशांस सुमारे ०.००७ मिळवावे लागतात. आम्ल ४२ अंश तापले असता १.२२० दिसले, तर खरे मान सुमारे १.२३० होय.

बॅटरी १२.४ व्होल्टपेक्षा खाली असेल, तर प्रथम ती भारित करावी. उतरलेली बॅटरी आणि निकामी बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरलेल्या बॅटरीवर भार टाकून तिला नापास ठरविणे म्हणजे उपाशी माणसाच्या शक्तीची परीक्षा घेण्यासारखे आहे. उलटपक्षी, नुकत्याच भारित केलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर वरवरचा भार राहतो आणि व्होल्ट फसवे दिसतात. अशा बॅटरीला काही तास विश्रांती द्यावी.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणीसाठी कार्बनच्या चकत्यांचा, भार कमी-अधिक करता येणारा लोड टेस्टर वापरतात. थंडीत इंजिन फिरविण्याच्या क्षमतेचा जो आकडा बॅटरीवर अँपिअरमध्ये दिलेला असतो, त्याच्या निम्मा भार द्यावयाचा असतो. हा आकडा ९०० असल्यास भार ४५० अँपिअर.

टेस्टरचा भार शून्यावर आहे याची खात्री करून मगच त्याचे चिमटे लावावेत. धनाला धन आणि ऋणाला ऋण. चिमट्यांची पकड घट्ट असावी. बुचांवर ओलसर फडके टाकावे, मात्र ते टर्मिनलांना लागू देऊ नये. चेहरा बॅटरीवर न आणता बाजूला उभे राहावे. मग भार वाढवीत ठरलेल्या अँपिअरवर आणावा, १५ सेकंद स्थिर ठेवावा, त्या अवधीच्या अखेरीस भार चालू असतानाच व्होल्ट वाचावेत आणि लगेच भार बंद करावा. भार बंद झाल्यावरच चिमटे काढावेत.

सर्व नियमांत हा अखेरचा नियम प्राणाइतका जपावा. भार चालू असताना चिमटा निघाला, तर मोठी ठिणगी उडते आणि ती नेमकी वायू साचलेल्या जागी उडते. चाचणी चालू असताना एखाद्या घटातून धूर दिसला किंवा आवाज आला तरी चिमट्याला हात लावू नये. आधी भाराचा स्विच बंद करावा आणि दूर व्हावे.

१५ सेकंदांची मर्यादाही सकारण आहे. १० व्होल्टला ४५० अँपिअर म्हणजे साडेचार किलोवॉट, घरातील दोन गिझरांहून अधिक उष्णता त्या लहानशा उपकरणात निर्माण होते. दोन चाचण्यांच्या मध्ये त्याला थंड होऊ द्यावे.

निकाल आणि निर्णय

बॅटरीचे तापमान २१ अंश किंवा त्याहून अधिक असता १५ सेकंदांच्या अखेरीस ९.६ व्होल्ट किंवा अधिक टिकले, तर १२ व्होल्टची बॅटरी उत्तीर्ण समजावी. नीट भारित असूनही ती याखाली गेली, तर पुन्हा एकदा भारित करून तपासावी आणि निकाल तोच आल्यास बदलावी. तापलेली बॅटरी परीक्षेत नेहमीच अधिक चांगली दिसते. मे महिन्यात जेमतेम उत्तीर्ण झालेली बॅटरी डिसेंबरच्या पहाटे दगा देऊ शकते. शिवाय उन्हाळ्याची उष्णता पट्ट्यांची झीज वाढविते आणि पाणी उडविते. म्हणून हिवाळ्यापूर्वी एकदा फेरतपासणी करणे हिताचे. बॅटऱ्या उत्तीर्ण झाल्या आणि तरीही यंत्र फिरत नसेल, तर दोष गंजलेल्या जोडण्या, तारा किंवा स्टार्टर यांत शोधावा.

एकसर जोडीतील एक बॅटरी बदलून जुनी तशीच ठेवल्यास जुनीमुळे नवीही लवकर खराब होते. यासाठी जोडीतील दोन्ही बॅटऱ्या एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. प्रत्येक बॅटरीची तारीख, विशिष्ट गुरुत्व आणि चाचणीतील व्होल्ट यांची यंत्राच्या नोंदवहीत नोंद ठेवावी. तीन-चार चाचण्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले म्हणजे बॅटरी कधी थकणार, हे आधीच समजते आणि यंत्र ऐन कामात बंद पडत नाही.

निकामी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती देऊन किंवा जागेवर फोडून चालणार नाही. शिसे हे विष आहे आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा विशेष दुष्परिणाम होतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या अधिकृत मार्गानेच पुनर्प्रक्रियेसाठी गेल्या पाहिजेत.

अपघात झाल्यास

आम्ल डोळ्यात गेले, तर पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात सोडा किंवा अन्य काहीही घालू नये. सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी आहे, डोळ्यासाठी नव्हे. कातडीवर आम्ल पडल्यास भिजलेले कपडे काढून भरपूर पाणी ओतावे. आम्ल तयार करण्याची वेळ आलीच, तर पाण्यात आम्ल हळूहळू घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये.

बंधुभगिनींनो, या सर्व कामास एका बॅटरीमागे फार वेळ लागत नाही. चष्मा, हायड्रोमीटर आणि लोड टेस्टर यांची किंमत बंद पडलेल्या यंत्राच्या एका दिवसाच्या नुकसानीपुढे किरकोळ आहे. डोळ्याची किंमत तर करताच येत नाही. कार्यशाळेच्या प्रमुखांनी ही साधने पुरवावीत, अनुभवी कारागिरांनी हा क्रम शिकाऊ मुलांकडून पहिल्या दिवसापासून करवून घ्यावा आणि टर्मिनलांवर पाना टेकविणारा हात जेथे दिसेल तेथे थांबवावा. भार शून्य, चिमटे घट्ट, १५ सेकंद, पुन्हा भार शून्य, मग चिमटे मोकळे, एवढा क्रम अंगवळणी पडला तरी पुष्कळ अपघात टळतील.