सारथ्याची मर्यादा



विलायतेत स्थायिक झालेल्या आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी एक प्रश्न वारंवार निघतो: अपंग सासूबाईंच्या सवलतीची गाडी सूनबाईंनी कितपत चालवावी? तेथे १९७७ साली स्थापन झालेल्या ‘मोटॅबिलिटी’ संस्थेच्या योजनेत अपंग व्यक्ती आपला सरकारी प्रवासभत्ता वळता करून गाडी भाड्याने घेते. ती तिने स्वतःच चालवावी, अशी अट नाही. विम्यात नाव असलेल्या शुश्रूषकास ती चालविता येते. सासूबाई गाडीत नसल्या तरी त्यांचे औषध, त्यांचा भाजीपाला आणण्यास मुभा आहे. त्यावरून सुनेस कोणी बोल लावू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

गाडी उभी करण्याची सवलत देणाऱ्या निळ्या बिल्ल्याची गोष्ट मात्र निराळी. तो व्यक्तीचा, गाडीचा नव्हे. सासूबाई घरी असताना तो काचेमागे ठेवून स्वतःच्या कामासाठी जागा अडविल्यास इंग्लंडात १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

भाच्याने किल्ली मागितली आणि विम्यात त्याचे नाव नसले, तर नकार द्यावा, रुसेल बापडा! आणि येथून जाणाऱ्या आम्हां पाहुण्यांनी विमानतळासाठी ती गाडी मागूच नये. त्याच दिवशी सासूबाईंना इस्पितळात जावयाचे असेल.