पत्र्यातली खोट

(रेडिओवरील भाषण)



घरातली स्टीलची वाटी, स्वयंपाकघरातलं सिंक, मोटारीचा दरवाजा, पेट्रोलची टाकी, या वस्तू सपाट पत्र्यापासून होतात. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, कडा दाबून धरायच्या आणि पंच, म्हणजे दाबणारा ठोसा, खाली आणायचा. पत्रा ताणला जातो आणि आकार घेतो. काम काही सेकंदांचं, पण प्रेसशॉपमधल्या माणसांच्या मनात धास्ती कायमची. कडा सैल राहिल्या तर सुरकुत्या पडतात. आवळल्या तर पत्रा फाटतो. यातून वाट काढताना टूलरूममध्ये ट्रायलवर ट्रायल होतात.

पत्रा किती ताणता येईल? १९५२ मध्ये इंग्लंडच्या रॉडनी हिल यांनी या प्रश्नाचं गणित मांडलं. पत्रा एकाच दिशेने ओढला, तर तो एका अरुंद पट्ट्यात बारीक होऊन कधी तुटेल, हे त्यातून कळे. मात्र घुमटासारखा आकार देताना पत्रा दोन्ही दिशांनी ताणला जातो. तिथे असा पट्टा पडूच शकत नाही, असं ते गणित सांगे. आणि कारखान्यात पत्रा तर तिथेही फाटत होता!

हा तिढा सोडवला वॉर्सा तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक झ्जिस्वाव मार्चिनियाक यांनी. काझिमेश कुचिंस्की यांच्यासह त्यांनी १९६७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. हिल यांनी पत्रा सगळीकडे एकसारखा धरला होता. मार्चिनियाक यांनी सुरुवातच उलट टोकाकडून केली: पत्र्यात कुठे ना कुठे एक पट्टा किंचित पातळ असतोच. जाड भागातून येणारं बल त्या पातळ पट्ट्यालाही पेलावं लागतं. म्हणून तो जरा जास्त ताणला जातो आणि आणखी पातळ होतो. लांबीच्या दिशेने तो आजूबाजूच्या पत्र्याला जखडलेला असतो, त्यामुळे तिकडे त्याला जादा लांबता येत नाही. सगळा जादा ताण आडवा येतो, आणि तो जाडीतूनच वसूल होतो. आधी डोळ्यांना काही दिसत नाही. मग फरक भराभर वाढतो, बाहेरचा पत्रा ताणायचा जवळजवळ थांबतो आणि पट्टा तुटतो. जाडीतला मूळ फरक शंभरात एक भाग असला, तरी एवढं घडायला पुरतो.

पट्टा किती पातळ धरायचा हे प्रयोगाशी जुळवून ठरवावं लागतं, असा आक्षेप या सिद्धान्तावर घेतला जातो. तो रास्त आहे. तरीही माझ्या मते या विषयातलं सर्वांत प्रामाणिक पाऊल हेच. गणित सोपं व्हावं म्हणून पदार्थ निर्दोष मानायची सवय आपल्याला फार असते. या प्राध्यापकांनी दोषालाच समीकरणात जागा दिली.

त्यांनी प्रयोगाची रीतही घालून दिली. सपाट तोंडाचा पंच घ्यायचा आणि पंच आणि नमुना यांच्यामध्ये मधोमध भोक असलेला दुसरा पत्रा ठेवायचा. मग मधल्या भागावर घर्षण येत नाही आणि पत्रा सपाट राहूनच ताणला जातो. आंतरराष्ट्रीय मानकात आजही ही चाचणी त्यांच्याच नावाने आहे. अमेरिकेत स्टुअर्ट कीलर यांनी त्याच दशकात पत्र्यावर बारीक वर्तुळं उमटवून, ताणल्यावर त्यांची लंबवर्तुळं मोजायची पद्धत रूढ केली. हे मोजमाप आणि मार्चिनियाक यांचं गणित यांच्या जोरावरच आज चाकण-भोसरीतल्या कारखान्यांत डाय कापण्याआधी पत्रा संगणकावर ताणून पाहता येतो.

यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. संगणकाच्या पडद्यावर, पत्रा इथे फाटेल असं सांगणारा लाल डाग दिसला, की तेवढ्यावर थांबू नका. तो १९६७ चा निबंध मिळवून वाचा. मग कार्यशाळेत जा, पत्र्याच्या एका तुकड्यावर वर्तुळं उमटवा, तो फाटेपर्यंत ताणा, आणि चिरेजवळची लंबवर्तुळं आपल्या हाताने मोजा.