शाळेंतील प्रार्थना आणि घरांतील प्रार्थना

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं इमारतीचें, निकालांचें व देणगीदारांचें स्मरण करणें योग्यच होय. परंतु ज्या गोष्टीवांचून आपल्या प्राथमिक शाळेस कॅथॉलिक हें नांव शोभणार नाहीं, तिच्याविषयीं आज चार शब्द बोलावेत असें आम्हांस वाटतें. ती गोष्ट म्हणजे लहान मुलाची प्रार्थना.

कॅथॉलिक शाळेच्या दिवसाला प्रार्थनेची चौकट असते. सकाळीं क्रूसाची खूण व प्रभूची प्रार्थना, दुपारीं देवदूताचा संदेश, सुटीच्या वेळीं उपकारस्तुति. ऑक्टोबरांत जपमाळ, उपवासकाळांत क्रूसाची वाट, नाताळापूर्वीं गव्हाणीची तयारी. ही शिस्त मोलाची आहे. पण शिस्त म्हणजे प्रार्थना नव्हे. चाळीस मुलें एका दमांत ‘आमच्या स्वर्गांतील बापा’ म्हणून मोकळीं होतात. ओठ हलतात, डोळे मात्र खिडकीबाहेर असतात. हा दोष मुलांचा नव्हे. शब्द पाठ करून घेण्याची घाई वडील माणसांस असते. अर्थ मनांत उतरावा इतका वेळ आपण त्यांस देत नाहीं.

१९७३ सालीं रोमहून मुलांच्या मिस्साविधीसंबंधीं मार्गदर्शन प्रसिद्ध झालें. त्यांत एक सुंदर विचार आहे. ज्या बालकास दुसऱ्याचें ऐकून घेतां येतें, क्षमा मागतां व करतां येते, उपकार मानतां येतात, त्यालाच उपासनेचा अर्थ हळूहळू उमगतो. योग्य वेळीं मौन पाळावें, असेंही त्यांत सांगितलें आहे. म्हणून शिक्षकांस आमची विनंती अशी कीं, प्रार्थनेपूर्वीं मुलांना विचारावें, “आज कोणासाठीं प्रार्थना करायची?” एखादें म्हणेल, “माझी आजी आजारी आहे.” दुसरें म्हणेल, “बाबा होडी घेऊन समुद्रावर गेलेत.” मग अर्धा मिनिट शांत राहावें. त्या अर्ध्या मिनिटांत जें घडतें, तें शंभर वेळां घोकून घडत नाहीं.

आपल्या वर्गांत इतर धर्मांचीं मुलेंही बसतात. सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेंत कोणासही त्याच्या संमतीवांचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवांचून, धर्मशिक्षण घेण्यास वा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडतां येत नाहीं, असें भारतीय संविधानाचें २८ वें कलम सांगतें. हें आपणांस ओझें वाटूं नये. बळानें वदवून घेतलेली प्रार्थना देवालाही नको असते. आपलीं मुलें हात जोडून मनापासून प्रार्थना करूं लागलीं, म्हणजे शेजारचें मूल काय तें आपोआप जाणतें.

आतां मुख्य गोष्ट. १९१० सालीं पोप दहावे पायस यांनीं सुमारें सात वर्षांच्या, समज आलेल्या बालकास ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वाट मोकळी केली. त्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं मुलांना दहा-बारा वर्षांचें होईपर्यंत थांबावें लागे. पण त्याच आज्ञापत्रांत या तयारीची जबाबदारी आईबापांवरही ठेवलेली आहे. ती आपण सिस्टरांच्या गळ्यांत घालून निश्चिंत झालों आहों काय? घरभेटीस गेलों असतां आम्हांस भिंतीवर सजविलेला आल्तार दिसतो, त्यापुढें दिवाही दिसतो; पण तेर्साच्या वेळीं दूरदर्शन संच चालू असतो व प्रत्येकाच्या हातांत मोबाईल असतो. शाळेंत सकाळीं शिकलेली प्रार्थना सायंकाळीं घरीं कोणीच म्हणत नसेल, तर ती केवळ शाळेची गोष्ट आहे, असें मूल समजतें. आणि शाळा सुटली कीं प्रार्थनाही सुटते. मे महिन्यांत, मरियामातेच्या महिन्यांत, शाळा बंद असते. तेव्हां मुलांच्या हातीं जपमाळ कोण देणार?

वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया याचें उदाहरण आपल्यासमोर आहे. बालपणीं वसईंत येशूसंघीयांच्या छायेखालीं तो वाढला. पुढें जपानांत त्यानें लोकांस धर्मशिक्षण दिलें आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर प्राण दिला. कोवळ्या वयांत अंतःकरणांत रुजलेला विश्वास किती दूरवर व किती कठीण प्रसंगीं पुरतो, हें त्यावरून दिसतें.

प्रिय पालकहो, या महोत्सवाची आठवण म्हणून आम्ही आपणांकडे देणगी मागत नाहीं. रोज सायंकाळीं दहा मिनिटें मागतों. संच बंद करा, मुलांना जवळ घ्या, एक रहस्य तरी एकत्र म्हणा, आणि त्या दिवशीं कोणाचें मन दुखविलें असेल तर मुलांसमक्ष एकमेकांची क्षमा मागा. बापाला गुडघे टेकलेला पाहून मूल जें शिकतें, तें शिकविणें कोणत्याही शाळेच्या हातीं नाहीं.

प्रभु येशू आपल्या शाळेला व आपणां सर्वांच्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.