आपल्या दिव्याची वीज कुठून येते?


विजयदुर्गात तिन्हीसांजेला दिवे लागतात.
ही वीज येते कुठून?

महाराष्ट्राची वीज एका ठिकाणची नाही.

सर्वांत मोठा वाटा कोळशाचा.
चंद्रपूरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात.
वाफेच्या जोरावर जनित्र फिरतं.

कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं.
तिथे १९६२ पासून जलविद्युत तयार होते.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज आहे.

आपल्या देवगडच्या सड्यावर
वाऱ्यानेही वीज दिली.

विजयदुर्गाशेजारच्या गिर्ये गावी कोळशावरचा महाप्रकल्प योजला होता.
आंबा बागायतदार, मच्छीमार विरोधात उभे राहिले.
प्रकल्प झाला नाही.

पुन्हा सांगते,
वीज एका ठिकाणची नाही.
तिच्यामागे कुणाची जमीन आहे,
कुणाचं पाणी आहे.

म्हणून श्रोतेहो,
वीज जपून वापरूया.