वासाची औषधे आणि कोठीतील बुरशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देण्याची चाल आपल्या घरांतून जुनी आहे. वासाच्या वस्तूंनी नासाडी टळते, हा थोरल्या बायकांचा अनुभव. त्यामागचे कारण काय आणि त्याची धाव कोठपर्यंत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ओव्याच्या तेलात थायमॉल असते, लवंगेच्या तेलात युजेनॉल, गवती चहाच्या तेलात सिट्रल. ही द्रव्ये हवेत उडतात, म्हणून तर वास येतो. ती बुरशीच्या पेशींचे आवरण खिळखिळे करतात. आतला रस झिरपतो आणि वाढ खुंटते. बनारस हिंदू विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी साठवणीच्या धान्यासाठी अशा तेलांवर पुष्कळ काम केले आहे.

मग सारे शेतकरी ही तेले का वापरीत नाहीत? एक तर ती महाग. दुसरे, उघड्या ढिगावर त्यांची वाफ टिकत नाही. झाकण घट्ट हवे. तिसरे, मात्रा जास्त झाली तर फळाच्या सालीवर डाग पडतात, आणि लवंगेचा वास लागलेली द्राक्षे कोण घेईल? परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेट्यांत अजून गंधकाचा वायू सोडणारे कागदच घालतात.

पण मुख्य गोष्ट निराळीच आहे. तेल बुरशीला अडविते. बुरशीने आधीच सोडलेले विष ते काढीत नाही. शेंगदाणे, मका यांवरच्या हिरवट-पिवळ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडात अशी शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. गरिबाला भिजलेले धान्य टाकून देणे परवडत नाही, हेच त्या मृत्यूंचे खरे कारण.

आपल्याकडे काय होते? चांगले दाणे बाजारात जातात. खवट, सुरकुतलेले, बुरसलेले दाणे घरात राहतात. "भाजले की झाले" म्हणून त्यांची चटणी होते. भगिनींनो, घरच्या भाजण्याने हे विष पुरते जात नाही. तिखट-लसणाने फक्त चव झाकते. ते दाणे म्हशीला घालावेत, तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि तेच दूध लेकरू पिते.

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. आधी वाळवण: शेंग हलविली की दाणा खुळखुळला पाहिजे, ज्वारीचा दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मग निवडणे; बुरसलेले असेल ते माणसाला नाही, जनावरालाही नाही. मग कोरडी, झाकणाची कोठी, भिंतीपासून दूर आणि फळीवर. सुगंधी तेलाचा क्रम या सर्वांनंतरचा.

काढणीच्या दिवसांत पाऊस अचानक येतो आणि प्रत्येकीच्या घरी ताडपत्री नसते. मंडळाच्या शिलकेतून दोन मोठ्या ताडपत्र्या घ्याव्यात व ज्या घरचे खळे उघडे असेल तेथे त्या आधी जाव्यात, अशी माझी सूचना आहे. तिचा विचार व्हावा, ही विनंती करून मी आपली रजा घेते.